एअर इंडियाचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे मामा सांताक्रूझला एअर इंडियाच्या हँगरमध्ये मेकॅनिक होते. घरी पाहुणे आले की विषय विमानांवर जायचा आणि तेच ते प्रश्न निघायचे. २०२२ मध्ये कंपनी टाटांकडे परत गेली, २०२५ च्या जूनमध्ये अहमदाबादचा अपघात झाला, आणि आता तेच प्रश्न व्हॉट्सॲपवर येतात, बऱ्याचदा चुकीच्या उत्तरांसकट. म्हणून ही उत्तरं एकत्र लिहून काढली. लांबी कमीजास्त आहे. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे हात आखडता घेतलेला नाही.

कंपनी सुरू कधी झाली? कुणी १९३२ म्हणतं, कुणी १९४६, कुणी १९५३.

तिन्ही सालं बरोबर आहेत, फक्त प्रत्येकाचा अर्थ वेगळा. १९३२ मध्ये टाटा सन्सने हवाई टपालसेवा सुरू केली. तिचं पुढे टाटा एअरलाइन्स झालं. २९ जुलै १९४६ ला ती पब्लिक लिमिटेड कंपनी झाली आणि एअर इंडिया हे नाव मिळालं. १९५३ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. वाढदिवस कुठला मानायचा असं विचाराल तर मी १५ ऑक्टोबर १९३२ सांगेन.

त्या दिवशी नेमकं काय झालं?

इंपीरियल एअरवेजचं विमान लंडनहून कराचीपर्यंत टपाल आणायचं. तिथून पुढे पत्रं रेल्वेने मुंबईला आणि दक्षिणेला जायची, त्यात दिवस मोडायचे. नेव्हिल व्हिन्सेंट नावाचे ब्रिटिश हवाई दलातले माजी वैमानिक टाटांकडे एक योजना घेऊन आले: कराचीहून अहमदाबाद, मुंबई, बेल्लारी असं करत मद्रासपर्यंत टपाल विमानाने न्यायचं. टाटा समूहाचे प्रमुख सर दोराबजी टाटा आधी फारसे उत्सुक नव्हते, त्यांना टाटांकडचे वरिष्ठ अधिकारी जॉन पीटरसन यांनी राजी केलं. सरकारने अनुदान द्यायला नकार दिला. शेवटी अनुदानाशिवाय, जेवढं टपाल नेऊ तेवढेच पैसे, या बोलीवर करार झाला.

१५ ऑक्टोबरला सकाळी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून जेआरडी टाटा पस मॉथ विमान घेऊन निघाले. वय २८. भारतात मिळालेला वैमानिकाचा पहिला परवाना त्यांचा, १० फेब्रुवारी १९२९ चा, क्रमांक १. विमान एका इंजिनाचं, लाकडी पंखांचं, मोटारगाडीएवढं. पाठीमागे टपालाच्या थैल्या, वजन सुमारे २५ किलो. रेडिओ नाही, वाट दाखवणारं जमिनीवर कुणी नाही. खाली नजर ठेवायची, सोबत नकाशा आणि होकायंत्र, बस्स. अहमदाबादला उतरल्यावर पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. डबे ओतून टाकी भरली आणि विमान दुपारी जुहूला पोचलं. तिथून पुढे व्हिन्सेंट यांनी टपाल मद्रासकडे नेलं.

मामा हा प्रसंग सांगायचे तेव्हा बैलगाडीपाशी हमखास थांबायचे. म्हणायचे, इंधन भरण्याचं काम करणारा प्रत्येक माणूस त्या गाडीवानाचा वारस आहे.

व्हिन्सेंट यांचं नाव आज जवळजवळ कुणाला ठाऊक नसतं, याचं मला वाईट वाटतं. कल्पना त्यांची होती आणि निम्मं उड्डाणही त्यांचंच. १९४२ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, इंग्लंडहून परतताना त्यांचं विमान नाहीसं झालं.

जुहूला तर पावसाळ्यात पाणी भरतं. मग विमानं उडायची कशी?

उडायची नाहीत. जुहू म्हणजे तेव्हा समुद्राकाठची चिखलाची सपाट जागा. पाऊस सुरू झाला की टाटांची मंडळी सगळा पसारा उचलून पुण्याला जायची आणि येरवड्याच्या मैदानावरून टपाल चालू ठेवायची. दोन-तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक एवढ्यांचा कारभार. तरी पहिल्या वर्षी १,६०,००० मैल उड्डाण झालं, १५५ प्रवासी आणि पावणेदहा टनांच्या आसपास टपाल नेलं, ६०,००० रुपये नफा झाला. आणि मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट: वेळ एकदाही चुकली नाही. सरकारच्या हवाई खात्याने त्या शंभर टक्के वक्तशीरपणाची आपल्या अहवालात वाखाणणी केली.

एअर इंडिया हे नाव कुणाचं?

कर्मचाऱ्यांनी मत देऊन निवडलेलं. इंडियन एअरलाइन्स, पॅन-इंडियन एअरलाइन्स, ट्रान्स-इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया अशी चार नावं समोर होती. टाटांच्या मुख्यालयात, बॉम्बे हाउसमध्ये, मतपत्रिका फिरल्या आणि शेवटच्या फेरीत एअर इंडियाने इंडियन एअरलाइन्सला मागे टाकलं.

परदेशात पहिलं विमान कधी गेलं?

८ जून १९४८. मुंबई, कैरो, जिनिव्हा, लंडन. लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचं विमान, नाव मलबार प्रिन्सेस. त्यासाठी एअर इंडिया इंटरनॅशनल ही वेगळी कंपनी काढली होती आणि तिच्यात सरकारचा वाटा ४९ टक्के होता. स्वातंत्र्याला वर्षही झालं नव्हतं. त्या कंपनीच्या वक्तशीरपणाचा एक किस्सा जुने लोक सांगतात. जिनिव्हात एकाने वेळ विचारली, दुसऱ्याने खिडकीबाहेर पाहून अचूक सांगितली, कारण एअर इंडियाचं विमान नुकतंच उतरलं होतं. थोडा रंगवला असेल, पण अशी ख्याती कमावल्याशिवाय कुणी किस्से रचत नाही.

चांगली चाललेली कंपनी सरकारने घेतली कशाला?

एअर इंडिया बरी चालली होती, बाकीच्यांचे हाल होते. युद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्याची डाकोटा विमानं स्वस्तात विकायला निघाली. ज्याने त्याने ती घेतली आणि सरकारने परवाने वाटले. प्रवासी मोजके, कंपन्या भाराभर. एकेक करत त्या डबघाईला आल्या. एवढे परवाने देऊ नका, असं जेआरडी आधीपासून सांगत होते. उपाय म्हणून १९५३ चा कायदा आला आणि १ ऑगस्ट १९५३ पासून दोन महामंडळं सुरू झाली. देशांतर्गत सेवेसाठी आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स, परदेशासाठी एअर इंडिया इंटरनॅशनल.

ज्या पद्धतीने हे झालं ते जेआरडींना पटलं नव्हतं. आपल्याशी नीट चर्चाच झाली नाही, ही त्यांची तक्रार होती. तरी नेहरूंच्या आग्रहावरून ते परदेशी सेवेच्या महामंडळाचे अध्यक्ष राहिले, आणि तेही बिनपगारी. पुढची पंचवीस वर्षं सरकारी कंपनी असूनही एअर इंडियाचा दबदबा टिकला, तो याच व्यवस्थेमुळे, असं माझं मत आहे. मालक सरकार, पण रोजचा कारभार ज्याला विमान कळतं त्याच्या हातात.

म्हणजे इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया वेगळ्या होत्या?

हो, २००७ पर्यंत. मुंबई-नागपूर इंडियन एअरलाइन्स, मुंबई-लंडन एअर इंडिया, असा ढोबळ हिशेब. आखातात आणि शेजारच्या देशांत दोघीही जायच्या. कंदाहारला नेलेलं १९९९ चं आयसी-८१४ हे इंडियन एअरलाइन्सचं विमान होतं, एअर इंडियाचं नव्हे. ही गल्लत फार होते.

महाराजा कुठून आला?

१९४६ मध्ये कंपनीचे व्यापारी प्रमुख बॉबी कूका आणि जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात कंपनीतले चित्रकार उमेश राव यांनी मुंबईत तो घडवला. सुरुवातीला तो फक्त विमानातल्या लिहायच्या कागदांसाठी होता. लाल पगडी, झुपकेदार मिश्या, कमरेतून वाकलेला. पुढे तो पॅरिसमध्ये चित्रं विकू लागला, टोकियोत सुमो पैलवान झाला, न्यूयॉर्कला गेला, आणि ज्या गावी विमान जाईल तिथला होऊन बसला. आमच्या कपाटावर त्याची एक प्लास्टिकची मूर्ती होती. पगडीचा रंग उडाला तरी आजीने ती टाकू दिली नाही.

सेवेची एवढी ख्याती का होती?

कारण अध्यक्षाचं बारीकसारीक गोष्टींवर लक्ष होतं. जेआरडी स्वतः प्रवास करायचे आणि उतरल्यावर टिपणं पाठवायचे. चहाचा रंग कॉफीसारखा का, पडदा नीट का सरकत नाही, खुर्ची किती मागे जाते, कर्मचाऱ्याचे केस वाढलेत. काउंटरवर धूळ दिसली तर स्वतः फडकं मागून पुसायचे, हे पाहिलेले कितीतरी जण होते. मामा सांगायचे, हँगरमध्ये साहेब येणार अशी नुसती कुणकुण लागली तरी हत्यारांच्या पेट्या उघडून प्रत्येक पाना आपापल्या खाचेत आहे ना ते तपासलं जायचं. ते नाही आले तरी पाने जागेवर असायचे.

पैसाही धाडसाने लावला गेला. फेब्रुवारी १९६० मध्ये पहिलं बोइंग ७०७ आलं, मे महिन्यात न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली, आणि जून १९६२ मध्ये एअर इंडिया ही सगळा ताफा जेट विमानांचा असलेली जगातली पहिली कंपनी झाली. १९७१ मध्ये पहिलं जंबो आलं, एम्परर अशोक. त्याच्या खिडक्यांभोवती झरोक्यांच्या महिरपी रंगवल्या होत्या.

चित्रांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. पन्नासच्या दशकात कंपनीने आपल्या जगभरच्या कचेऱ्यांसाठी भारतीय चित्रकारांची चित्रं घ्यायला सुरुवात केली, तेव्हा त्या चित्रकारांना फारसं कुणी ओळखत नव्हतं. नागपूरकडच्या बी. प्रभा, वासुदेव गायतोंडे, हुसेन अशांची कामं त्या संग्रहात आली. साल्वादोर दालीने १९६७ मध्ये कंपनीसाठी राखदाणीचा नमुना करून दिला आणि मोबदल्यात हत्तीचं पिल्लू मागितलं. कंपनीने खरोखर बेंगळुरूहून पिल्लू विमानाने पाठवलं. संग्रह आता केंद्र सरकारकडे, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या ताब्यात गेला आहे. तो नीट जपला जावा आणि मुंबईकरांना बघायला मिळावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

हवाई सुंदरींना लग्न केलं की नोकरी सोडावी लागायची, हे खरं का?

खरं आहे, आणि या इतिहासातलं हे पान झाकून ठेवू नये. नियम असा होता: पस्तिसाव्या वर्षी निवृत्ती, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी गेली, आणि पहिल्या गरोदरपणातही गेली. त्याच विमानात तेच काम करणारे पुरुष अठ्ठावन्न वर्षांपर्यंत राहायचे. नर्गिस मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याविरुद्ध दाद मागितली. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली, पण चार वर्षांत लग्न न करण्याची अट मात्र ठेवली. पुढचा लढा आणखी बरीच वर्षं चालला.

या इतिहासात मराठी माणसं कुठे आहेत?

मुख्यालय मुंबईत, हँगर सांताक्रूझला, त्यामुळे सगळीकडेच आहेत. गिरगाव, पार्ले, डोंबिवली, पनवेल इथल्या किती घरांची चूल त्या पगारावर पेटली असेल, मोजदाद नाही. पण दोन गोष्टी शाळेत शिकवायला हव्यात असं मला वाटतं.

पहिली कश्मीर प्रिन्सेसची. ११ एप्रिल १९५५ ला हे विमान हाँगकाँगहून जकार्ताला निघालं होतं. आशियाई-आफ्रिकी देशांच्या बांडुंग परिषदेसाठी चीनने ते भाड्याने घेतलं होतं आणि चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांना मारण्यासाठी हाँगकाँगमध्ये त्यात टाइमबॉम्ब ठेवला गेला होता. चाऊ त्या विमानात चढलेच नाहीत. समुद्रावर असताना स्फोट झाला, पंखाला आग लागली. कॅप्टन जटार यांनी धुराने भरलेलं विमान पाण्यावर उतरवायचा शेवटपर्यंत प्रयत्न केला. ग्लोरिया बेरी या हवाई सुंदरीने स्वतःचा विचार न करता सगळ्यांना जीवरक्षक जाकिटं दिली. १९ पैकी १६ जण गेले. सहवैमानिक दीक्षित, मेंटेनन्स इंजिनिअर कर्णिक आणि नॅव्हिगेटर पाठक पोहून वाचले. जटार, बेरी आणि या तिघांचाही शौर्यपदकाने गौरव झाला.

दुसरी कॅप्टन सौदामिनी देशमुख यांची. नोव्हेंबर १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सचं कोलकाता-सिलचर हे फोकर विमान त्यांनी निवेदिता भसीन यांच्यासह उडवलं. विमानातल्या सगळ्या कर्मचारी महिला होत्या.

मोठे अपघात कोणते?

मलबार प्रिन्सेस, ३ नोव्हेंबर १९५०, आल्प्समधलं माँ ब्लां शिखर, ४८ मृत्यू. जवळपास त्याच जागी २४ जानेवारी १९६६ ला कांचनजंगा हे बोइंग ७०७ आदळलं. ११७ जण गेले, त्यांत डॉ. होमी भाभा होते. १ जानेवारी १९७८ च्या संध्याकाळी एम्परर अशोक सांताक्रूझहून दुबईला निघालं आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्याच्या समुद्रात कोसळलं. विमान किती कललं आहे हे दाखवणारं कॅप्टनसमोरचं उपकरण बिघडलं होतं, बाहेर काळोख, दिशा उमगली नाही. २१३ जण गेले. मामा त्या रात्री घरी आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा बूट न काढताच खुर्चीत बसून राहिले, एवढं आई सांगते.

२३ जून १९८५ चं कनिष्क विमानाचं प्रकरण हा अपघात नव्हे, तो घातपात होता. कॅनडातल्या खलिस्तानवाद्यांनी सामानात ठेवलेला बॉम्ब आयर्लंडजवळ ३१,००० फुटांवर फुटला. ३२९ माणसं गेली. इतक्या वर्षांत दोषी ठरला तो एकच माणूस.

आणि १२ जून २०२५. अहमदाबादहून लंडनला निघालेलं बोइंग ७८७ ड्रीमलायनर विमान उड्डाणानंतर काही क्षणांत वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर पडलं. विमानातल्या २४२ पैकी एक वाचला, जमिनीवरचे १९ धरून २६० जणांचा जीव गेला. कर्मचाऱ्यांपैकी अनेक जण मुंबई परिसरातले होते. दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच उड्डाणानंतर लगेच बंद स्थितीत गेले, असं प्राथमिक अहवालात आहे. यावरून कुणालाही गुन्हेगार ठरवणारे मेसेज कृपा करून पुढे पाठवू नका.

जेआरडींना अध्यक्षपदावरून का काढलं?

एम्परर अशोकच्या अपघाताला महिना होतो न होतो तोच, १ फेब्रुवारी १९७८ ला, मोरारजी देसाई सरकारने त्यांना पदावरून दूर केलं. बातमी त्यांना सरकारकडून आधी कळलीच नाही. त्यांच्या जागी नेमलेले निवृत्त एअर चीफ मार्शल पी. सी. लाल यांनी फोन केला तेव्हा समजली. पंचेचाळीस वर्षं ज्या माणसाने ही संस्था पोटच्या पोरासारखी वाढवली त्याला साधं समोर बसवून सांगायचं सौजन्यही दाखवलं गेलं नाही. १९८० मध्ये इंदिरा गांधींनी त्यांना संचालक मंडळावर पुन्हा घेतलं, अध्यक्ष म्हणून नव्हे.

कुवेतमधून लोकांना खरंच एअर इंडियाने आणलं का?

हो. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळलं तेव्हा लाखाहून जास्त भारतीय तिथे अडकले. ते बस-ट्रकांनी वाळवंट तुडवत जॉर्डनमध्ये अम्मानला आले, आणि तिथून मुंबईला विमानं लागली. ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या, १,११,००० च्या वर माणसं. गिनीज बुकात त्याची नोंद आहे. सहार विमानतळावर उतरणाऱ्यांच्या हातात पिशवीपलीकडे काही नसायचं. २०२० च्या टाळेबंदीतही वुहानपासून लोकांना आणायला हीच कंपनी गेली. तोट्यातली कंपनी म्हणून तिला नावं ठेवताना हेही लक्षात असू द्यावं.

मग एवढी बुडाली कशी?

एका कारणाने नाही. जेआरडींना काढल्यावर अध्यक्ष भराभर बदलत गेले, निर्णय दिल्लीत होऊ लागले. १९९४ मध्ये १९५३ चा कायदा रद्द झाला, खासगी कंपन्या आल्या. आखाती कंपन्यांनी आपला प्रवासी दुबई-दोहामार्गे पळवला. पण खरा घाव पडला तो २००५ ते २००७ मध्ये. आधी दोन्ही कंपन्यांसाठी मिळून १११ विमानांची मागणी, बव्हंशी कर्जावर: एअर इंडियासाठी ६८ बोइंग, इंडियन एअरलाइन्ससाठी ४३ एअरबस. पाठोपाठ २००७ मध्ये दोघींचं विलीनीकरण.

कागदावर लग्न झालं, संसार एक झाला नाही. दोन पगारश्रेण्या, दोन बढतीच्या याद्या, दोन तऱ्हेची विमानं. २०१२ मध्ये ड्रीमलायनरचं प्रशिक्षण कुणाला द्यायचं यावरून वैमानिकांचा संप जवळजवळ दोन महिने चालला. विलीनीकरणानंतर एकाही वर्षी निव्वळ नफा झाला नाही. कॅगने २०११ मध्ये विमानखरेदीवर कडक ताशेरे ओढले. २०१२ मध्ये सरकारने ३०,००० कोटी रुपयांची मदत जाहीर केली, तीही व्याजात विरघळली. कामगार आळशी होते म्हणून कंपनी बुडाली, असं म्हणणाऱ्यांशी मी म्हणूनच वाद घालतो. फिटरने कर्ज काढलं नव्हतं.

टाटांनी किती रुपयांना घेतली?

१८,००० कोटींची बोली. त्यात २,७०० कोटी रोख आणि १५,३०० कोटींचं कर्ज डोक्यावर घेणं. कंपनीवर एकूण कर्ज ६१,००० कोटींच्या वर होतं. उरलेलं सरकारने वेगळ्या कंपनीत वळवलं, म्हणजे ते आपल्या सगळ्यांच्या करातून फिटणार. २०१८ मध्ये सरकारने ७६ टक्के हिस्सा विकायला काढला होता, तेव्हा एकही बोली आली नव्हती. ताबा २७ जानेवारी २०२२ ला दिला गेला. पुढे २०२३ मध्ये ४७० विमानांची मागणी नोंदवली गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा ही टाटांची दुसरी विमान कंपनी एअर इंडियात विलीन झाली.

नरिमन पॉइंटची इमारत कुणाची?

महाराष्ट्र सरकारने १,६०१ कोटींना घेतली. १९७४ ची २३ मजली इमारत. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत तिच्या तळाशीही स्फोट झाला होता. मुख्यालय २०१३ मध्येच दिल्लीला गेलं होतं.

जेआरडींनी पहिलं उड्डाण म्हातारपणी पुन्हा केलं होतं, ही दंतकथा तर नाही?

अजिबात नाही, आणि त्यांनी ते दोनदा केलं. १९६२ मध्ये तीस वर्षं झाली तेव्हा, आणि १५ ऑक्टोबर १९८२ ला पन्नास वर्षं झाली तेव्हा. दोन्ही वेळा लेपर्ड मॉथ विमान होतं, पस मॉथचंच भावंड. दुसऱ्या खेपेला त्यांचं वय ७८. पुन्हा कराची, पुन्हा अहमदाबादला थांबा, आणि तिथून जुहू. मामा सुट्टी टाकून जुहूला गेले होते. विमान टेकल्यावर त्यांनी आधी घड्याळ बघितलं.